पाळणा पुरा थांबवतेत

बुलढाण्याची एसटी यायला वेळ होता, अन् धाडच्या स्टँडवर बसलेल्या दहावीतल्या सुचिताचे कान शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे कधी वळले, ते तिचं तिलाच कळलं नाही. आजीच्या मांडीवर कुबडी आडवी होती.

"नातवंडाईसंगं त्या पार्कात तुमीच जा. मले पाळण्यात चढवाले सारे खोळंबतीन."

"म्या फोन केला ना त्याहिले. चाकाची खुर्ची देतेत. गेट येगळं हाय, पायऱ्या नाहीत. पाळणा पुरा थांबवतेत."

"पुरा?"

"पुरा."

"जत्रंतला लाकडी पाळणा तुमी हातानं फिरवत होते. मले चढवाले धरून थांबवला का मालक शिव्या द्यायचा."

"देऊ दे. तू बसत होती ना मजेत?"

"बसत होती, पर एकलीच. तुमी खालून ढकलत राह्यचे."

"तिथं मोटर ढकलते."

"म्हंजे तुमी रिकामे?"

"बिलकुल रिकामा."

एसटी लागली. सुचिता जागची हलली नाही.

"मंग माह्या बाजूले बसजा. अन् पुन्हा फोन लावा त्याहिले."

"आता काऊन वो?"

"आमाले उतरवाची घाई करू नका, म्हना."