तिन्ही डब्यांतली माती

प्रगती : दोरीच्या पलीकडूनच बोला मामा. आत नका येऊ.

गेनूमामा : आगं, पडीक माजी, खुंट्या माज्या, आन मलाच दोरी?

प्रगती : रान तुमचं, पण दोरीच्या आत आई आहे. किमोनंतर तिच्या पांढऱ्या पेशी उतरल्यात. डॉक्टरांनी चार दिवस फिरायला सोडलं ते एकाच बोलीवर. धूळ, माती, शेण, गर्दी, काहीही तिच्याजवळ जाता कामा नये. म्हणून तर ही कॅराव्हॅन आणली. घरच बरोबर घेऊन फिरायचं, म्हणजे दुसऱ्याच्या घरात उतरायला नको.

गेनूमामा : बंडू डायवर सांगत हुता. रोज दोनदा पुसतीस म्हनं ह्यो डबा.

प्रगती : तीनदा. आधी कोरडा झाडू, मग साबणाचं पाणी, मग फिनेल. चपला बाहेरच्या पेटीत. दाराची कडी, नळ, ओटा स्पिरिटनं. आणि तरीही रोज सकाळी आत माती सापडते.

गेनूमामा : रानात उतरल्यावर माती घावायचीच की.

प्रगती : तशी नाही. रोज एकाच जागी. दारातून आत आलं की डावीकडे, बेसिनखाली. दोन-तीन ठिपके, बोटाएवढे. पहिल्या दिवशी भाटघरला सापडले, मग किकवीला, आणि आज इथं मार्गासनीत. झोपताना फरशी कोरडी ठणठणीत असते. दार आतून बंद, खिडक्यांना जाळ्या.

गेनूमामा : उंदीर आसंल.

प्रगती : उंदीर आला तर लेंड्या दिसतील. एकही नाही.

गेनूमामा : मग बंडू.

प्रगती : बंडू जीपमध्ये झोपतो. शिवाय त्याच्या बुटाची नक्षी मी कागदावर उतरवून घेतली. जुळत नाही.

गेनूमामा : बंडूला ठावं हाय का ह्ये?

प्रगती : नाही. तो आंघोळीला गेला होता.

गेनूमामा : बरं, आन डब्यात कोन कोन निजतं?

प्रगती : मी आणि आई. पण आईला चार पायऱ्या उतरायच्या तर धाप लागते. मी धरल्याशिवाय ती उतरत नाही. मी विचारलं तिला. म्हणाली, वाऱ्यानं आली असेल. वाऱ्यानं आली असती तर सगळीकडे पसरली असती ना? वारा काय रोज येऊन बेसिनखालीच बसतो?

गेनूमामा : वाऱ्याचं कोन सांगावं.

प्रगती : परवा किकवीत मी दाराच्या उंबऱ्यावर गव्हाचं पीठ पसरून ठेवलं. पाऊल तरी उमटेल म्हणून.

गेनूमामा : उमटलं?

प्रगती : पीठच नव्हतं! उंबरा लख्ख. कुणीतरी झाडून नेलं होतं. मामा, घाण करून जाणारा माणूस जाताना झाडून जातो का? माझं डोकं चालेनासं झालंय.

गेनूमामा : पोरी, तू शिकलीस काय गं नक्की?

प्रगती : सूक्ष्मजीवशास्त्र.

गेनूमामा : मंजी?

प्रगती : डोळ्याला न दिसणारे जीव असतात, त्यांचं.

गेनूमामा : हां, मग बराबर हाय. ही माती डोळ्याला दिसतीया.

प्रगती : हसा. पण म्हणूनच तुम्हाला बोलावलं. या तीन डब्या घ्या. आईच्या गोळ्यांच्या आहेत, धुऊन घेतल्यात. प्रत्येकीवर गावाचं नाव आणि वार लिहिलाय. माती तुम्हाला कळते. सांगा, काय आहे हे.

गेनूमामा : आन इकडं. ही तांबडी, भाटघरची. ही काळी, चिकाट, किकवीची. आन हिच्यात बारकी खडी हाय, ही आपल्या हितली.

प्रगती : म्हणजे जिथं थांबू तिथली. बाहेरूनच आत येते. पण येते कशी?

गेनूमामा : थांब जरा. बोटानं चोळू का?

प्रगती : चोळा. नंतर साबण देते.

गेनूमामा : पोरी, ही पायाला लागून आल्याली माती न्हवं. पायाची माती वाळली की तिची ढेकळं हुत्यात, नखानं फुटत्यात. ही फुटंना. ही कालवल्याली हाय. शेण हाय हिच्यात.

प्रगती : शेण! आत? कुठल्या डबीत?

गेनूमामा : तिन्हीत. शेण, आन वाईच राख. आन वास घे बघू. कसला येतो?

प्रगती : फिनेलचा. पण फिनेल मी फक्त आत, फरशीला वापरते. बाहेरच्या मातीला फिनेल कुठून लागेल? आणि फिनेल टाकून शेण कोण कालवतं? मामा? डब्यांची झाकणं का लावताय?

गेनूमामा : काय न्हाई. उंदीरच आसंल.

प्रगती : राख कालवणारा उंदीर?

गेनूमामा : वेल्ह्याकडचं उंदीर लई बेरकी.

प्रगती : तुम्हाला कळलंय काहीतरी.

गेनूमामा : मला आधी एक सांग. तुज्या पुसन्याचं पानी कुठं जातं?

प्रगती : पुसण्याचं, बेसिनचं, न्हाणीचं, सगळं खालच्या टाकीत.

गेनूमामा : आन टाकी भरली की?

प्रगती : लहान आहे ती. तीनदा पुसायचं म्हटल्यावर संध्याकाळी भरतेच. मग मी खालचा नळ सोडते.

गेनूमामा : कुठं सोडतीस?

प्रगती : कुठं म्हणजे? खाली. मोकळं रान आहे, मुरून जातं.

गेनूमामा : त्या डाव्या चाकाजवळ वाकून बघ.

प्रगती : इथं? इथंच काल पाणी सोडलं होतं. चिखल असायला हवा. अरे! मामा, इथं सारवलंय. अर्धंच आहे, पण सारवलंय. बोटांच्या रेघा दिसतात.

गेनूमामा : किती बोटं?

प्रगती : तीन. तीनच कशी? करंगळी टेकलेलीच नाही.

गेनूमामा : टेकायची न्हाईच. सात वरसाची असताना दगडाखाली गावली, तवाधरनं ती वाकडीच ऱ्हायली.

प्रगती : वाकडी करंगळी? म्हणजे आईची?

(कॅराव्हॅनचं दार उघडतं. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क लावलेली मंगल वरच्या पायरीवर बसते.)

मंगल : दादा, तुला गप बसवलं न्हाई व्हय?

गेनूमामा : म्या उंदीरच म्हनत हुतो मंगे. पोरगी ऐकंना.

प्रगती : आई, तू? पण तुला पायऱ्या...

मंगल : बसत बसत उतरते. एकेक पायरी.

प्रगती : आणि शेणात हात घालतेस? मी दाराची कडीसुद्धा स्पिरिटनं पुसते आणि तू शेण कालवतेस? पेशी किती उतरल्यात ठाऊक आहे ना तुला?

मंगल : हात धुते की गं मी. तुझ्याच साबणानं, बेसिनमध्ये. ठिपके पडलेले पुसतेही. अंधूक दिसतं, त्यात राहत असतील.

प्रगती : आणि पीठ?

मंगल : अन्न पायाखाली टाकलंस, ते तसंच ठेवू?

प्रगती : दोन दिवस मी त्या पिठाचा विचार करतेय! शेण कुठून मिळालं तुला?

मंगल : भाटघरला त्या रानाच्या मालकिणीनं दिलं. किकवीत ढाब्यामागं गोठा होता. इथं वहिनीनं दोरीवरनं पाटी दिली.

गेनूमामा : तरीच! सकाळधरनं पाटी हुडकतोय म्या. बाळाबाईला इचारलं तर म्हनती, मला काय ठावं.

प्रगती : म्हणजे मामींना माहीत, भाटघरच्या बाईंना माहीत, फक्त मलाच नाही. पण का आई? कशासाठी?

मंगल : तुझी आजी होती ना, पारूबाई. आठ महिने मेंढरांमागं आमचं बिऱ्हाड फिरायचं. चार दिवस ह्याच्या रानात, चार दिवस त्याच्या. उठायच्या दिवशी ती आधी सांडपाण्याचा खड्डा बुजवायची, मग चुलीची जागा सारवायची. मग घोड्यावर ओझं चढायचं. पाऊस येवो, मागनं कुणी हाकलायला येवो, सारवल्याशिवाय तिनं रान सोडलं नाही.

गेनूमामा : रानाचा मालक यायचा, आन त्येला कळायचंच न्हाई का हितं चूल हुती.

मंगल : आणि आपण भाटघरला त्या बाईच्या बांधाला फिनेल सोडलं. सकाळी खिडकीतनं बघितलं, तर गांडुळं वर येऊन पडली होती. मला ते बघवेना.

प्रगती : मग मला सांगायचंस!

मंगल : काय सांगू? तुझ्या हाताची सालं निघालीत त्या फिनेलनं. माझ्यासाठीच ना? आणि सांगितलं असतं तर तू पाणी सोडायचं थांबली असतीस का कोण जाणे, पण दाराला कुलूप नक्की घातलं असतंस.

प्रगती : घातलंच असतं! मी काय करू ते सांग ना. आत पुसलं की बाहेर घाण होते. बाहेरची घाण तू निस्तरतेस की आत शेण येतं. मी जेवढं जास्त पुसते तेवढी तू जास्त वेळा खाली उतरतेस. हे काय चाललंय मला कळतच नाही. मला फक्त तू बरी व्हायला हवी आहेस.

मंगल : मलाही बरं व्हायचंय बाई. पण ह्या रस्त्यानं मी पुन्हा येईन का, ते तुझ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. माझ्यामागं ही जागा राहील. तिथं माझा चिखल राहायला नको.

गेनूमामा : मंगे, आसलं बोलू नगं.

मंगल : बरं, नाही बोलत.

गेनूमामा : आठला निघनार म्हनं तुमी?

प्रगती : बंडू वेल्ह्याहून डिझेल घेऊन आला की.

मंगल : सारवण अर्धं राहिलंय. तुझ्या मोबाईलचा गजर झाला म्हणून वर आले.

प्रगती : तू हात लावायचा नाहीस.

मंगल : बरं.

प्रगती : पायरीवरच बसायचं. मास्क खाली करायचा नाही. आता त्या दाराला वरची कडी लावणार आहे मी, आधीच सांगते.

मंगल : लाव.

प्रगती : मामा, शेण आणा. राखही. प्रमाण काय?

गेनूमामा : कसलं प्रमान?

प्रगती : शेण किती, राख किती, पाणी किती?

गेनूमामा : आता गं बया. मंगे, सांग हिला.

मंगल : हात घातला की कळतं. हातमोजे घाल, पण ते जाडे नको. तपासणीचे पातळ घाल.

प्रगती : फिनेल पडलंय ती माती आधी खरवडून काढू?

मंगल : काढ. पिशवीत भर. त्यातलं तुलाच जास्त कळतं. आणि मग कालव.

गेनूमामा : आगं पोरी, पानी बास! लापशी झाली की!

प्रगती : तुम्ही प्रमाण सांगितलं असतं तर झाली नसती.

मंगल : अजून थोडं शेण घाल. हं. आता मनगट सैल सोड, हात खांद्यातनं फिरव. एका अंगानं मागं मागं ये.

प्रगती : रेघा वाकड्या येतायत.

मंगल : येऊ देत. माझ्याही यायच्या.

प्रगती : आज घरी पोचलो की फरशी गरम पाण्यानं पुसेन. टाकीचं पाणी मोरीत सोडेन, आणि मग ती रिकामीच ठेवेन. आई, हे वाळायला किती वेळ लागतो?

मंगल : एवढ्या उन्हाला? दोन तास तरी. त्याआधी चाक फिरलं तर उमटेल.

प्रगती : मग आठला निघता येणार नाही.

मंगल : नाही येणार.

गेनूमामा : तुजी मामी कालधरनं म्हनतीया, नणंदेशी चार शब्द बोलू दे. सकाळी पाटी दिली तर त्वांड दाबून, तू जागी व्हशील म्हनून.

मंगल : प्रगती, ती दोरी सारवणाच्या मधनं गेलीय बघ. दोन हात अलीकडं घे.

प्रगती : घेतली. मामा, मामींना हाक मारा.