मुलगा उडतो का, हे कोण विचारतं?

…आणि वर मलाच विचारतो, “मामी, लागलं नाही ना?” आता मला कशाला लागेल? मी बांधावर उभी, हातात सोऱ्या. लागलं असेल तर माझ्या कुरडयांना लागलं! गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, पहाटे उठून चीक हाटा, लेकीच्या रुखवतात मांडायच्या म्हणून एकसारख्या गोल कुरडया घाला, लाल साडीवर उन्हात पसरा… आणि त्यावर आभाळातून, बुटासकट, होणारा जावई येऊन बसणार! का? तर डोंगरावरून खाली यायचं होतं. अहो, मग पायवाट काय वाहून गेली होती?

तुम्हाला सांगते, आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला, मागं डोंगर. ललितचं स्थळ आलं तेव्हा आम्ही सगळं विचारलं बरं का. अंबडला कंपनीत आहे, कायम आहे का? आहे. दारू? नाही. तंबाखू? नाही. पत्रिका जुळली, सुपारी फुटली. आता मुलगा उडतो का, असं कुणी विचारतं का? तुम्ही विचारलं असतं?

झालं होतं काय, त्याच्या दोस्तानं शेजारच्या पडीक रानात लाल कापड अंथरायचं, त्या खुणेवर यानं उतरायचं, असा यांचा रिवाज. दोस्त राहिला चहा पीत. याला वरून लाल दिसली ती माझी साडी. आला सरळ.

मी म्हटलं, ही कसली छत्री? तर म्हणे छत्री नाही मामी, विंग. याला स्पीड फ्लाइंग म्हणतात. मोठ्या कापडवाले असतात ते घारीसारखे वर घिरट्या घालत बसतात, आमचं कापड छोटं, आम्ही डोंगराला खेटून सुसाट खाली. म्हटलं थांब, मला नीट कळू दे. मोठ्या कापडात माणूस सावकाश पडतो, छोट्या कापडात लवकर पडतो, आणि तू मुद्दाम छोटं घेतलंस? मी चौथी शिकलेली बाई, पण मीसुद्धा मोठं घेतलं असतं!

बरं, याचा उपयोग काय? टमाट्याचं एक क्रेट तरी खाली येतं का त्याच्यातून? नाही. वर कसा जातोस? तर पाठीवर ओझं घेऊन पायी. घ्या! म्हणजे चढायला पायवाट चालते, उतरायला चालत नाही. तेवढ्यात काय वाहून जाते का ती?

मग सरळ विचारलं, यात मरतात का माणसं? मला वाटलं, पोरगा थाप मारेल, मी पकडेन, विषय संपेल. तर हा मान खाली घालून म्हणाला, “मरतात मामी. पाय तर मोडतातच. वारा बघून उडलं तर कमी.”

खरं बोलला! आता खरं बोलणाऱ्याला शिव्या तरी कशा द्यायच्या? पण मी सांगून टाकलं, लग्न मोडलं. मनीषा माझीच लेक, ती म्हणाली, मग मी जन्मभर तुझ्याकडेच राहते आणि रोज कुरडया घालते. आमचे हे म्हणाले, एकदा बघून तरी घे. ह्यांना काय, फुकटचा तमाशा! मी म्हटलं, ठीक आहे, माझ्यासमोर उडू दे. मला पटलं तर लग्न, नाही तर नाही.

गेलो वर सगळे. मी धापा टाकतेय आणि हा आपला वाळकं गवत हवेत सोडतोय, काठीला बांधलेली फीत बघतोय, परत गवत सोडतोय. उन्हानं माझं डोकं तापलं. दोस्त लागले चिडवायला, काय रे, सासूला बघून फाटली काय? आमचे हेही हळूच म्हणाले, पाहुणे, आमच्या हिच्या अटीचं काय?

म्हटलं, आता उडतो हा. लग्नच पणाला लागलेलं होतं त्या उडीवर!

त्यानं फीत बघितली, माझ्याकडे बघितलं आणि कापड गुंडाळायला घेतलं. “वारा मागून येतोय, अशात उडणारा पडतोच. आज नाही.”

बस. एवढंच. दोस्त हसले तरी उडला नाही, लग्न मोडलं तरी नाही. तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांना कुणी असं डिवचलं असतं ना, ह्यांनी कापड नसतानाही उडी मारली असती! इतकी वर्षं संसार केलाय, मला माहीत आहे. मी मनात म्हटलं, मनीषा, पोरगा चांगला आहे गं. तोंडानं नाही बोलले, लगेच कशाला चढवून ठेवायचं? नुसतं म्हटलं, चला आता, शहाण्या माणसासारखे पायवाटेनं.

आणि ती मेली पायवाट… मुरमावरून पाय सटकला तो असा, की मी बसले ती बसल्या-बसल्याच घसरत खाली गेले. घोटा कडकन वाजला.

ललितनं कापड उलगडलं, त्याची झोळी केली. दोस्त ओरडतोय, अरे फाटेल, एवढं महागाचं! “फाटू दे,” म्हणाला. पुढं दोघं, मागं दोघं, मधे मी, निळ्या-पिवळ्या रेशमासारख्या कापडात, हलत-डुलत. मळ्यात फुलाबाई मिरच्या तोडत होती. तिनं काय बघायचं ते बघितलं आणि संध्याकाळपर्यंत पंचवटीच्या भाजीबाजारात पोचवलंसुद्धा, की नवीन सासू छत्रीतून आली.

लग्नात मी प्लास्टर पुढं करून खुर्चीत. जो येतो तो विचारतो, काकू, उडताना पडलात? सुरुवातीला मी सांगायची, अहो नाही हो, पायवाटेवर पडले. तर जास्तच हसायचे. जावई तर तोंडाला रुमाल लावायचा.

आता नाही सांगत. कुणी विचारलं की म्हणते, हो, उडतानाच पडले… वारा मागून होता.