पेढे कोणाकोणाले

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. आईच्या मांडीवर पेढ्यांची खोकी.

"संघप्रिया, घरी आपण तिघं. एवढे पेढे काऊन घेतले वं?"

"आपल्या रोवण्याच्या बायकाईले वाटाचे आहेत, माय."

"त्याइनं का केलं? वनरक्षकाचा पेपर तं तूनं देल्ला, पास बी तूच झाली."

"इंग्रजीचं आठवते तुले? आपण मराठीत सारीकडं 'पेक्षा' म्हणतो, मनून मी सारीकडं 'दॅन'च लिवत होती. सीनियर, ज्युनियर, प्रिफर, याइच्या नंतर 'टू' येते, हे डोक्यात बसतच नव्हतं."

"मनून तं मी धान रोवता रोवता तुह्यासंग 'टू', 'टू' घोकत होती."

"तू एकटी कुठी? मी 'सीनियर' म्हटलं का चिखलात वाकलेली अख्खी ओळ ओरडे, 'टू!' मंगच पुढची काडी रोवे."

"देवकाबाई तं एवढ्या जोरानं ओरडे, का धानाच्या बांधीतले बगळे उडून जात."

"पेपरात 'सीनियर' दिसलं ना, तवा मले पहिले ते बगळेच आठवले. हसू आलं. हसता हसता 'टू' लिवून टाकलं."

"पण त्या म्हणतीन, आमाले ए बी सी येत नाई, आमाले पेढे कायचे?"

"म्हणू दे. मी बांधावर उभी राहून नुसतं 'सीनियर' म्हणीन. मंग पाह्य त्या का म्हणतेत."

आईनं पदर डोळ्यांना लावला.

"का झालं माय? रडून राह्यली का?"

"नाई वं. बस यायच्या आधी अजून एक खोकं घेऊन ये. देवकाबाईची सून बी होती ओळीत."