राणीच्या पिल्लांत मादी नाही

पुष्पाबाई : अन् हे राणी खाताच्या खड्ड्यात काहून उकरून राहिली व डिंपल?

डिंपल : उकरू द्या जी आई. आत्ताच मोकळी झाली, भिरभिरली असन.

पुष्पाबाई : बाळंतीण कुत्री पिल्लं सोडून हालत नाही. किती झाले?

डिंपल : दोन. दोन्ही नर.

पुष्पाबाई : एवढ्या पोटाले दोनच? मांगच्या खेपी तं वट्टाभर पिल्ले होते! माह्याकडं पाहून बोल.

(राणी मातीतून एक पिल्लू तोंडात धरून आणते आणि पुष्पाबाईपुढे ठेवते.)

पुष्पाबाई : अगं माय व! हे तं मादी हाय. ओलं गच्च. काय केलं व तुनं?

डिंपल : माद्याच जास्त होत्या. बादलीत बुडवल्या.

पुष्पाबाई : मुक्या जीवाले मारलं! दया नाही आली तुले?

डिंपल : आली ना जी. पन काय करू? त्या जागेश्वर भगतानं राणीच्या पोटावर धाग्यानं अंगठी फिरवली, म्हने माद्या जास्त. मंग माह्या पोटावर फिरवली, म्हने पोरगी. तुमी होत्या ना तिथं?

पुष्पाबाई : होती.

डिंपल : तुमच्या पोरानं काय म्हटलं मंग? राणीचं खरं निघालं तं डिंपलचंबी खरं, मंगळवारी पोट पाडाले गोळ्यावाल्याकडं नेतो. जनावराच्या डॉक्टरनं समजावलं होतं, पिल्लू बाहेर आल्याबिगर नर-मादी कोनाले सांगता येत नाही. ऐकलं त्यायनं?

पुष्पाबाई : म्हनून असं पाप करा लागते?

डिंपल : कुत्रीच्या पोरींसाठी तुमाले पाप आठवलं. माह्या पोटातल्या पोरीच्या वक्ती चूप बसल्या तुमी. एक शब्द बोलल्या असत्या ना आई, तं मी बादलीले हात नसता लावला.

पुष्पाबाई : माहं कोन ऐकते व या घरात...

डिंपल : फटफटी वाजली. आले हे. सांगा आता काय सांगायचं ते.

(पुष्पाबाई मेलेलं पिल्लू पदराखाली झाकते. गोलू येतो.)

गोलू : काय व माय, राणी मोकळी झाली म्हने! माद्या किती निघाल्या?

पुष्पाबाई : एकबी नाही. दोन नर हाय.

गोलू : दोनच? अन् बाकीचे?

पुष्पाबाई : मेलेलेच निघाले. मी गाडले. तेबी नरच होते.

गोलू : अरे बापा! हायवेवरच्या ढाबेवाल्यायले नरच पाहिजे होते, नुकसान झालं ना! पन थांब. म्हनजे भगत खोटा?

पुष्पाबाई : साफ खोटा.

गोलू : मंग हिच्या पोटातबी पोरगाच! जाऊ दे, मंगळवारचं कॅन्सल. डिंपल, ऐकलं का? आता रडून कायले राहिली?

डिंपल : पिल्ले मेले ना जी.

गोलू : हाट! कुत्र्यायसाठी कोनी रडते का? मी मटन घेऊन येतो शहापूरच्या चौकातून. आज खुशीचा दिवस आहे.

डिंपल : गेले. आई, पन पोरगीच झाली तं?

पुष्पाबाई : झाली तं छातीशी धरून ठेव. कोनाच्या हाती देऊ नको.

डिंपल : तुमच्याबी?

पुष्पाबाई : माह्याबी नको.