सात खणांची डबी

हं, हात वर करा — एवढा नको, ऑपरेशनच्या बाजूचा खांदा ओढला जाईल — बस, असाच राहू द्या. ब्लाउजला आतून कप्पा शिवते मी, त्यात काढलेल्या स्तनाच्या जागी कापसाची गादी बसते, वरून कुणाला काही कळत नाही. मी तेच घालते ना — बघा, ओळखू येतंय? नाही ना. तुम्हालाही ती गोळी दिलीय? रोज एक, पाच वर्षं? तीच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं असेलच — गाठ काढली तरी एखाददुसरी पेशी अंगात कुठंतरी दबा धरून बसते, आपल्याच हार्मोनवर जगते, आणि ही गोळी तिचं खाणं तोडते. खाणं मिळालं की निघाली ती फिरायला, हाडात, यकृतात. माझी मणक्यात गेलीय. अहो, हात का खाली घेतला? तुमची नाही, माझी गेलीय.

बहिणीनं धाडली. सख्ख्या, धाकट्या. सांगणार नव्हते, पण तुम्ही तिच्याच वयाच्या दिसता. माझी डबी तीच भरायची, दर रविवारी, सात खण, सात गोळ्या — माझं डोकं कामात असायचं म्हणून. आणि त्या गोळीनं माझे काय हाल — बसल्या जागी अंगाची लाही लाही, घामानं हातातलं कापड ओलं, झोप नाही, बोटं आखडलेली, सुईत दोरा ओवता यायचा नाही. दिसेल त्याच्यावर खेकसायचे, तिच्यावर जरा जास्तच. मग बरं वाटायला लागलं, आपोआप. म्हटलं, अंगवळणी पडली. कसली अंगवळणी — अकरा महिने डबीत व्हिटॅमिनची गोळी, तशीच पांढरी, तशीच गोल. मणक्याचं निदान झालं तेव्हा बोलली, जमिनीकडे बघत — "ताई, तुझे हाल बघवेनात गं." तिला बघवेनात म्हणून जीव माझा जाणार? लहानपणी ती तापानं फणफणायची तेव्हा नाक दाबून कडू औषध मीच पाजायचे, तेव्हा मला बघवत होतं? केसानं गळा कापला माझा. चार महिने तिला उंबरा चढू दिला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, नेमानं गोळी घेऊनही काहीजणींची पसरते, तुमची कशानं पसरली ते छातीठोक सांगता येत नाही. त्यांना येत नसेल. मला येतं.

श्वास सोडा. हूक पुढूनच लावते, पाठीमागे हात जायला तुम्हाला वेळ लागेल अजून. हा बघा, तीन नंबरचा — डब्यात न बघता काढला. तीस वर्षं झाली, बोटांना कळतं. दोन वस्तू दिसायला सारख्या असल्या तरी चिमटीत धरल्या की लगेच — काय म्हणालात?

गोळी? गोळीचं वेगळं. म्हणजे — ती खरी चपटी, कडेला जराशी बोचायची. ही फुगीर. पहिल्याच सोमवारी चिमटीत आली तेव्हा म्हटलं, कंपनी बदलली असेल. विचारायला हवं होतं, हो ना? पण त्या आठवड्यात मला झोप लागली हो. पुढच्या आठवड्यातही लागली. विचारलं असतं तर तिनं परत खरी ठेवली असती.

घ्या हात खाली. झालं माप. गुरुवारी न्या, आणि डबी स्वतःच्या हातानं भरत जा. काय बघताय? या आता.