नावावरची जागा

घरकुलासाठी बेंबळीतली रिकामी जागा नावावर करून द्या, असं धाकट्या बहिणीचं, नीरजाचं पत्र नारायणरावांना येऊन दोन महिने झाले होते. उत्तरात काय लिहावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. पोस्टात पेन्शनच्या रांगेत त्यांच्यापुढं दोघी बोलत होत्या.

"शांतम्मा, घरकुल आलं का गं?"

"यादीत नाव हाय, महेश्वरी. पण जागा नावावर पायजे. पंधरवड्यात दाखवली न्हाय तर नाव कटतंय."

"भाऊ देणार होता की!"

"गप हाय."

"मग दुसरीकडं बघ."

"न्हाय म्हणला असता तर बघितली असती."

"लई शिकलेला ना तो?"

"व्हय. म्हणून तर इचारच करत बसलाय!"

नारायणराव रांग सोडून तिकिटांच्या खिडकीशी गेले. त्यांनी आंतर्देशीय पत्र घेतलं, 'जागा तुझी. बक्षीसपत्र करायला लगेच ये,' एवढंच लिहिलं आणि पेटीत टाकलं.