रंगाचे दोन जादा हात

—शप्पथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. जरा इकडे-तिकडे असेल, तेवढं चालतं. म्हणजे तसं बरंच असेल, पण डेकचं तेवढं खरं धरा. तुमची होडी किती वर्षांची म्हणालात? अठरा? मग अजून रांगतीय ती. ही माझी सव्वीसची — मघाशी तेवीस म्हणालो होतो का? मग तेवीस. तर बघा, पाय घसरू नये म्हणून तीन गोष्टी मिळतात. एक रबराची पट्टी — दोन उन्हाळ्यांत कडा उचलते आणि खाली पाणी मुरतं. दुसरा, भुकटी कालवलेला तयार डबा — आळशी माणसाचं काम, बुटाखाली चार महिन्यांत गुळगुळीत. आणि तिसरी, खरी पद्धत: ओल्या रंगावर वाळू भुरभुरायची, रंग सुकला की सुटी वाळू झाडून काढायची आणि वर रंगाचा एकच हात. पहिल्यांदा मी असा जाड दाणा लावला होता, की मेहुणा डेकवर बसला आणि उठला तेव्हा विजारीचं बूड डेकवरच! एक पक्षी उतरला, त्याचे पाय असे धरले गेले की उडताच येईना — दोन दिवस बिस्किटं घातली आम्ही त्याला. हसा, हसा. मी काही वाईट वाटून घेत नाही.

गेल्या वर्षी डेक नव्यानं केला. वाळू बायकोनं भुरभुरली — माझा हात म्हणजे इथे ढीग आणि तिथे टक्कल. तिनं घरची पिठाची चाळणी आणली, गुडघ्यांवर बसली आणि मागून पुढच्या टोकापर्यंत सरकत गेली, बाळाच्या अंगाला पावडर लावावी तशी. मी म्हटलं, अगं, होडी आहे, नात नाही. तर म्हणते, तुम्ही गप्प बसा आणि डबा धरा. मग सगळं झाल्यावर बघून म्हणाली, सिमेंटच्या ओट्यासारखं दिसतंय हो हे, चकाकी नाही, आणखी दोन हात मारा वरून. आता बायकोच म्हणाल्यावर माझी काय बिशाद? मारले.

मग काय व्हायचं? — पुढचं शीड अडकलं, वारा फिरला, मी सुकाणूवर, म्हणून ती सोडवायला गेली. पायात बूट होते, चांगले होते. 'अहो' म्हणाली, एवढंच. पाठ खाली लोखंडी खुंट्यावर. चौदा महिने झाले. कमरेखाली काही नाही. डॉक्टर आधी 'बघू' म्हणायचे, आता तेही म्हणत नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, ती मी बदलतो — आत्ता शेजारीण बसलीय, म्हणून इकडे येता आलं. रविवारी मेहुणा होडीला गिऱ्हाईक घेऊन येतोय, म्हणून हे घासायला काढलंय. धंद्यानं रंगारी तो, त्याच्या नजरेतून काही सुटत—

तिथे बोट फिरवू नका. अहो, घासलंय तिथे नको म्हटलं ना! — बघितलंत? बघा मग. हो, खाली वाळू आहे. खच्चून आहे. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही, यंत्रानं टाकल्यासारखी. तिचा हातच तसा होता.

पक्ष्याचं खोटं होतं, ते तुम्हाला कळलंच असेल. चकाकीचंही खोटं. ती तसं बोललीच नव्हती. एकच हात मारा, दाणा बुडवू नका, असं दोनदा बजावून ती घरी गेली. ते राखाडी ध्यान मलाच बघवेना — धक्क्यावरच्या बाकीच्या होड्या कशा आरशासारख्या! तिच्या पाठीमागे मी दोन हात जादा मारले. दुसऱ्या दिवशी तिनं पाय लावून बघितला, म्हणाली, जरा गुळगुळीत लागतंय का हो? मी म्हटलं, ओलं झालं की धरतं.

आता पडल्या-पडल्या छताकडे बघते आणि रोज विचारते, मीच हात राखून वाळू टाकली का हो? तिचं तेच चालू असतं, चाळणी कुठे नीट हलवली नाही ते आठवत बसते. मी काय म्हणतो? — मी म्हणतो, असेल.

उठा तुम्ही आता. झालं तुमचं काम. जा, मला हे रविवारच्या आत सपाट करायचंय.